ठराव सर आणि माझं हिंदी

त्यांचं मोहगावचं घर पोपटी रंगाचं आहे आणि त्यांना पोपटी रंग मुळीच आवडत नाही. घर रंगवायच्या वेळी घरात मतं घेतली गेली. बायको आणि दोन मुली पोपटीच्या बाजूने, हे एकटे पांढऱ्याच्या. मग स्वतः उन्हात उभं राहून त्यांनी चारही भिंतींना पोपटी लावून घेतला आणि पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारातच विचारलं, "कसा वाटते रंग? भंगार हाये ना? पन काय करता, तीन विरुद्ध एक."

सौंसरच्या आमच्या शाळेत ते सामाजिक विज्ञान शिकवत. पोरं त्यांना ठराव सर म्हणत. मीही इथे तेच म्हणणार आहे. खरं नाव छापायचं तर आधी त्यांना विचारायला हवं, आणि विचारायला गेले तर पुढचं सगळं त्यांच्यासमोर सांगावं लागेल.

नाव पडलं ते स्टाफरूममुळे. चहात आलं टाकायचं का, पंखा किती नंबरवर ठेवायचा, उशिरा येणाऱ्याने दार वाजवून यायचं की तसंच यायचं, या सगळ्यावर ते ठराव मांडत. त्यासाठी एक जाड वही होती. ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणी दिलं, बाजूने किती, विरुद्ध किती. अनुमोदन देणारा मिळेपर्यंत ते पुढे जात नसत. एकदा आल्याच्या ठरावाला कोणीच अनुमोदन देईना, कारण सगळ्यांना माहीत होतं की दिलं की वीस मिनिटं गेली. चहा थंड झाला. शेवटी शिपायाने दारातून ओरडून सांगितलं, "माह्यं अनुमोदन घ्या जी, मले कपं धुवाची हायेत." सरांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

मला त्यांचा कंटाळा यायचा, हे आधीच सांगून टाकते. मागाहून माणसाबद्दल वाईट वाटलं की आपण त्याला आवडतं करून टाकतो. ते मला आवडत नव्हते. माझा तास अर्धा संपला तरी त्यांची मोजणी सुरूच असायची. मी पांढुर्ण्याहून रोज बसने ये-जा करायची. एकदा ते त्याच बसमध्ये चढले. ड्रायव्हरने वाटेत चहाला थांबायचं म्हटल्यावर यांनी उभं राहून सगळ्या प्रवाशांना हात वर करायला लावले. बहुमत 'थांबायचं नाही' असं पडलं. ड्रायव्हर चहा प्यायलाच. सर खिडकीतून त्याच्याकडे पाहत म्हणाले, "पाहा मॅडम, हा हरला, पन बसला नाई. उलटा उतरला."

वर्गातली निवडणूक मात्र मानली पाहिजे. आमच्याकडे बाकी सगळ्या वर्गांत मॉनिटर नेमला जायचा, त्यांच्या वर्गात निवडला जायचा. दूध पावडरचा एक मोठा डबा, त्याच्या तोंडावर जुन्या पायमोज्याचा वरचा भाग शिवलेला, म्हणजे हात आत जाईल पण कोणाला काही दिसणार नाही. प्रत्येक उमेदवाराच्या नावाला प्रत्येक पोराला एक सरकी आणि एक तुरीचा दाणा. सरकी म्हणजे होय, तूर म्हणजे नाही. एक डब्यात टाकायचं, उरलेलं बाजूच्या थैलीत. पहिल्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की तूर डब्याच्या बुडाला लागली की टक्क वाजते आणि सरकी वाजत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मूठभर कापूस आणून बुडाशी अंथरला. हे मी वीस वर्षांत कुठल्याही मोठ्या माणसाने एवढ्या काळजीने केलेलं पाहिलं नाही.

मोजणी झाली की जिंकलेल्या पोराकडे कोणी बघायचं नाही. आधी हरलेल्या पोराने उभं राहायचं, "मान्य" म्हणायचं आणि खाली बसायचं. वर्गाने टाळ्या त्याला वाजवायच्या. मग जिंकलेल्याचं नाव.

याच्यामागे एक गोष्ट होती आणि ती आम्ही सगळ्यांनी किमान दहादा ऐकली होती. त्यांचे आजोबा तरुणपणी छिंदवाड्याकडे मिशनच्या एका बंगल्यावर पाणी भरायचे. ते ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत घरच्या देवाला पाणी घातल्याशिवाय जेवले नाहीत. तर मिशनच्या आवारात विहीर खोदायची होती. मिशनचा साहेब म्हणाला बंगल्यापाशी. बाकीच्यांना ती वस्तीपाशी हवी होती. बाकीचे म्हणजे शाळेचा मास्तर, दवाखान्यातली नर्सबाई, दोन माळी आणि नुकताच ख्रिस्ती झालेला एक झाडूवाला. कमिटी बसली. साहेबाने हात वर करायला सांगितले. साहेब हरला.

"अन् मंग," सर इथे दर वेळी थांबत, "साहेब खाली बसला."

"बसला तर बसला," आमचे पीटीचे सर म्हणायचे. त्यांचा आवाज मैदानासाठी केलेला होता, स्टाफरूममध्ये तो मावत नसे. "खुर्ची होती, बसला. त्याच्यात काय एवढं?"

"माह्या आजानं मालगुजार पाह्यले, तहसीलदार पाह्यले, राजाची स्वारी पाह्यली. झाडूवाल्याच्या हातानं हरलेला अन् तरी खाली बसलेला मोठा मानूस त्यानं जिंदगीत एकच पाह्यला. विहीर वस्तीपाशी झाली. लोकशाही म्हंजे जिंकनं नाई, जिंकनं तर गोटमारीतही होते. हरलेल्यानं बसनं, ते लोकशाही."

गोटमारीचा टोमणा माझ्यासाठी असायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार. "तुमच्या पांढुर्न्यात बहुमत गोट्यानं मोजतेत मॅडम," ते म्हणायचे. मी म्हणायची, "निदान लवकर निकाल लागतो सर, तुमच्यासारखा तास जात नाही." यावर ते खूश व्हायचे. वाद घातला की ते खूश व्हायचे, सहमत झालं की त्यांना शंका यायची.

त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की परदेशातल्या काही अभ्यासकांच्या मते जिथे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी जास्त काळ काम केलं तिथे पुढे लोकशाही जास्त रुजली, आणि दुसरे काही म्हणतात की हे सगळं थोतांड आहे. हा वाद त्यांनी उचलला आणि आमच्या डब्यांवर आणून ठेवला. आम्ही जेवत असू आणि ते उभे असत.

"ते इथी मतदार बनवाले आलेच नोव्हते. ख्रिस्ती बनवाले आले होते. ते तर काही त्यायले फारसं जमलं नाई. पन पुस्तक वाचता आलं पायजे म्हनून वाचनं शिकवलं, बायायलेही शिकवलं, झाडूवाल्यालेही शिकवलं. कमिटी चालली पायजे म्हनून हात वर करनं शिकवलं. अन् त्यायले जवाब द्याचा म्हनून आपल्या लोकायनं छापखाने काढले, सभा काढल्या, अर्ज लिहिले. मी म्हनतो, त्यायनं शिकवलं त्याच्याहून जास्त आपन त्यायच्याशी भांडून शिकलो."

"एवढं कौतुक हाये तर तिकडंच जा ना सर," पीटीचे सर ओरडायचे. "पानी शिंपडून घ्या डोक्यावर, सुटलं काम."

"मी घरी गनपती बसवतो, तुमाले मालूम हाये."

"अन् आरती कोनती म्हनाची त्याचं मत घेता, तेही मालूम हाये."

सगळे हसले. सरही हसले. मी विचारलं, "पण सर, मग इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा तुमचे हे साहेब त्यांच्या राजाला खाली बस म्हणाले का?"

ते म्हणाले, "नाई म्हनले. हरल्यावर बसले ते विहिरीपुरते. राज्याच्या बाबतीत त्यायले आपल्याले बसवा लागलं. हे बराबर बोलल्या मॅडम. हे मी लिहून ठेवतो." आणि खरंच लिहून ठेवलं, माझ्या नावासकट. मिशनऱ्यांमुळे लोकशाही आली की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी हिंदी शिकवते.

आणि सगळं तिथेच अडकलं. आमचा भाग हिंदी राज्यात, त्यामुळे ऑफिसातून येणारं पत्र हिंदीत, जाणारं उत्तर हिंदीत आणि मधली सगळी माणसं मराठी. आमच्याकडे पोरं परीक्षेत 'पता' आणि 'पत्ता' एकच समजून लिहितात, हिंदीत 'पत्ता' म्हणजे झाडाचं पान. शाळेत एम.ए. हिंदी मी एकटी, म्हणून शाळेचं सगळं कागदी हिंदी माझ्याकडे. त्याचा मला अभिमान होता. प्राचार्य मला विचारल्याशिवाय अर्धविराम देत नसत.

जानेवारीतल्या मतदाता दिवसासाठी वरून पत्र आलं. प्रत्येक शाळेने आपल्या भागातल्या लोकशाहीवर एक लेख पाठवायचा, पुस्तिका छापून कार्यक्रमात वाटायची. लेख कोणी लिहायचा यावर मतं घ्यावी लागली नाहीत. ठराव सरांनी मराठीत चार पानं लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा अकरा महिने उरले होते. "जाता जाता एक तरी छापून येऊ द्या मॅडम," म्हणाले.

लेख चांगला होता. विहीर होती, साहेब होता, माझा आक्षेपही होता. आणि मधोमध ही ओळ होती: "मिशनऱ्यांनी या भागात मत रुजवलं. घरोघर जाऊन, ज्याला कोणी विचारत नव्हतं त्या माणसाला त्यांनी मत दिलं. हे मान्य करायला लाज कशाची?"

त्या दिवशी माझ्याकडे सहामाहीच्या दोन गठ्ठे उत्तरपत्रिका होत्या. शिवाय सकाळीच सरांच्या मोजणीने माझा तास खाल्ला होता. अर्ध्या तासात मी चार पानं हिंदी करून टाकली. ती ओळ मी अशी केली: "मिशनरियों ने इस अंचल में मत का रोपण किया। घर-घर जाकर, जिसे कोई नहीं पूछता था उस मनुष्य को उन्होंने मत दिया। इसे स्वीकार करने में लज्जा कैसी?"

हिंदीत मत म्हणजे वोट, हे खरं. पण हिंदीत मत म्हणजे पंथ, धर्ममत, हेही खरं, आणि शेजारी मिशनरी हा शब्द असला की वाचणारा दुसरंच वाचतो. मराठीत 'मान्य करणे' म्हणजे कबूल करणे. हिंदीत मत स्वीकार केलं म्हणजे धर्म घेतला. सरांनी लिहिलं होतं की त्यांनी लोकांना बोलायचा, मत द्यायचा हक्क दिला, हे कबूल करू या. मी लिहिलं होतं की मिशनऱ्यांनी घरोघर आपला धर्म पेरला, तो घ्यायला लाज कसली. हे मला लिहिताना दिसलं नाही. पोरांच्या 'पता-पत्त्या'वर वीस वर्षं लाल पेन मारणाऱ्या बाईला दिसलं नाही. कारण डोक्यात मराठी होती आणि बोटांत हिंदी.

पुस्तिका वाटली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पानाचा फोटो मोबाइलवर फिरू लागला. ओळीभोवती लाल गोल. खाली, 'सरकारी शाळेत हे शिकवून राहिले.' चौथ्या दिवशी काही लोक फाटकाशी आले. आठवड्याने जांच, म्हणजे चौकशी, लागली.

मला त्या फोटोतली ओळ पाहिल्याबरोबर कळलं. मी बसमध्ये होते, मोबाइल हातात होता. पहिला विचार सरांचा आला नाही, हे लिहून ठेवते. पहिला विचार आला की पुस्तिकेत अनुवादकाचं नाव छापलंय का. नव्हतं.

जांचेला दोघे आले. प्राचार्यांच्या खोलीत बसले. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं होतं, पण दार लागत नव्हतं, ते कधीच लागत नाही. सर आत उभे होते आणि त्यांच्या हिंदीत समजावत होते. त्यांचं हिंदी म्हणजे वऱ्हाडीला 'है' लावलेलं.

"मत मतलब वोट जी. मेरे आजा मिशन में पानी भरते थे ना, तो वहाँ कुआँ खोदने का था..."

"आपके दादाजी मिशन में थे?" एकाने विचारलं आणि लिहून घेतलं.

"थे, मगर वो बात नहीं है जी. वो साहेब हार गया था..."

"आप कह रहे हैं मत मतलब वोट। तो वोट क्यों नहीं लिखा? हिंदी किसने की?"

मी बाकावर होते, दाराच्या फटीतून मला त्यांचा फक्त खांदा दिसत होता. मग ते म्हणाले, "मजकूर मेरा है."

पण प्राचार्यांनी माझं नाव सांगितलंच. मी आत गेले. मी सांगायला हवं होतं ते एक वाक्य होतं: मूळ मराठीत याचा अर्थ वोट असाच आहे, हिंदीत माझी चूक झाली. एवढं बोलले असते तर मला एक ठपका मिळाला असता आणि सरांचं प्रकरण तिथेच संपलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. हेही माहीत होतं की प्राचार्य त्या उन्हाळ्यात जाणार होते आणि प्रभारी म्हणून माझं नाव वर गेलं होतं. घरी सासूबाई अंथरुणाला होत्या, बदली झाली असती तर पंचाईत होती. हे कारण खरं आहे, पण मी गप्प बसले त्याचं कारण ते नाही.

"मैडम, अनुवाद आपने किया?"

"जी."

"अपनी तरफ़ से कुछ जोड़ा, कुछ बदला?"

"नहीं सर. शब्दशः किया."

शब्दशः. हे खोटं नव्हतं. त्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते, की ते खोटं नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादं हुशार पोर सोप्या प्रश्नाला अडखळलं की ते पाहायचे, तसं.

जांचवाले गेल्यावर प्राचार्य घाबरले. त्यांनी ठरवलं की स्टाफने लेखी द्यावं, या लेखातल्या विचारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही त्याचा निषेध करतो. कागदाचं हिंदी माझंच. आम्ही स्टाफरूममध्ये जमलो. पीटीचे सर सगळ्यात मोठ्याने बोलत होते. "यायच्या एका लेखानं पुऱ्या शाळेचं नाव गेलं! दहादा सांगतलं होतं, सोडा ते मिशन. आनि सही कराले काय मुहूर्त पाहून राहिले? आना इकडं पेन."

पेन पुढे आलं. तेव्हा सर उठले.

"सही नका करू. सही केली तर एकमेकायच्या तोंडाकडे पाहून कराल. मोजा. मी बाजूले उभा राहातो, मी मत देत नाई. निषेध कराचा नाई असं ज्याले वाटते त्यानं सरकी टाका. कराचा असन तर तूर. मंग जे निघन ते लिहून द्या, माही हरकत नाई."

"सर, ही काय पोरांची निवडणूक आहे का?" प्राचार्य म्हणाले.

"पोरायच्या बाबतीत मी गंमत म्हनून नोव्हतो करत जी."

कोणालाच नाही म्हणता आलं नाही. सर सोडून आम्ही तेरा जण होतो. त्यांनी स्वतः प्रत्येकाच्या तळहातावर एक सरकी आणि एक तूर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. माझी पाळी आली. हात आत घातला. मला कोणी पाहत नव्हतं, कोणाला कधी कळणार नव्हतं, बढती नाही, बदली नाही, काहीच नाही. माणसाला खरं वागायला याहून स्वस्त संधी मिळत नाही. माझ्या बोटांना सरकीची लव लागत होती. मी तूर टाकली.

का टाकली, याचं उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि ते फार साधं निघालं. त्यांचं बरोबर आहे असं एकदा डब्यात जरी म्हटलं असतं, तरी आत 'शब्दशः' म्हणालेली बाई कोण होती हे मला स्वतःला सांगावं लागलं असतं. ते चुकलेले असणं माझ्या सोयीचं होतं.

मोजणी त्यांनीच केली, मोठ्याने, टेबलावर ओळीत मांडून. बारा तुरी. एक सरकी.

सर ताठ उभे राहिले, "मान्य," म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. कागद लिहिला गेला.

व्हरांड्यात मी पाणी पीत होते तेव्हा ते जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, एक होती." त्यांचे डोळे भरले होते. "कोनाची होती ते मी विचारनार नाई, ते नियमात नाई बसत. पन मले समजलं." आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी पेला नळाखाली धरला, तो आधीच भरलेला होता.

त्या संध्याकाळी बसस्टँडवर पीटीचे सर भेटले. छिंदवाड्याच्या गाडीची वाट पाहत होते. इकडेतिकडे पाहून माझ्याजवळ आले आणि त्यांना जमेल तेवढ्या हळू म्हणाले, "मॅडम, तूर माह्या हातून पडलीच नाई. मी सरकी टाकली."

"तुम्ही? तुम्ही तर सकाळपासून..."

"ओरडलो. ओरडाले काय जाते? दहा वर्षं त्यायच्याशी भांडून राहिलो मी, मानूस खोटा नाई तो. पन कोनाले सांगजा नका हं. माह्या पोराची नोकरी लागाची हाये, उगाच नाव नको." मी म्हटलं, नाही सांगणार. हा शब्द मी फार काटेकोरपणे पाळला. दुसऱ्याची गुप्तता राखताना आपली आपोआप राखली जाते.

सरांना डोंगराकडच्या एका शाळेत अटॅच केलं, म्हणजे तात्पुरतं तिकडे धाडलं. जायला दोन बस आणि पुढे पायी. उरलेले महिने तिथे काढून ते तिथूनच निवृत्त झाले, निरोप समारंभ कुठेच झाला नाही. मी प्रभारी झाले. त्यांच्या वर्गाचा मॉनिटर त्या वर्षी मी नेमला. उंच होता, म्हणून.

मागच्या हिवाळ्यात ते शाळेत आले. सेवापुस्तिकेत एका जुन्या नोंदीवर प्राचार्यांची सही हवी होती, म्हणजे माझी. सोबत त्यांची बायको होती, हातात संत्र्यांची थैली. मी खुर्चीतून उठले. ते म्हणाले, "बसा, बसा, खुर्ची तुमची हाये," आणि उभेच राहिले, मी बसेपर्यंत.

"हेच का जी त्या मॅडम?" बायकोने विचारलं.

"हेच."

ती बाई टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली आणि माझा हात धरला. "बाई, तिकडं डोंगरात हे एकले राहात. मी म्हनो, कसं करत असन हा मानूस. तर फोनवर म्हनत, पुरी शाळा विरुद्ध नोव्हती ना, एक मानूस होता. बारा अन् एक. त्या एकावर निभावलं पाहा यायनं."

मला वाटलं, आता. हात तिच्या हातात होता. मी म्हटलं, "सर, मला एक सांगायचंय. ते हिंदी माझं चुकलं होतं. मत हा शब्द. आणि जांचेत मी ते सांगायला हवं होतं. मी घाबरले."

बोलताना मला बरं वाटू लागलं, आणि बरं वाटतंय हे जाणवून लगेच वाईटही.

सर हसले. "मले मालूम हाये. छपाईच्या आधी मी वाचलं होतं ना ते. मलेही बराबरच वाटलं होतं. आपन दोघंही मराठीवाले, मत म्हंजे मत." मग खुर्ची ओढून बसले, वर्गात बसायचे तसे, काही समजावून सांगायचं असलं की. "अन् घाबरल्या तर घाबरल्या मॅडम. समोर साहेब बसला की कोनीही घाबरते. पन डब्यात तुमी खरं टाकलं. त्याच्यासाठीच तर डबा असते. घाबरलेल्या मानसाचंही खरं मत निघाले पायजे. मी एवढी वर्षं पोरायले जे सांगत होतो ते तुमी करून दाखवलं."

सांगायचं होतं ते एवढंच उरलं होतं. चार शब्द. सर, ती माझी नव्हती.

तेवढ्यात पीटीचे सर हजेरीपत्रक घेऊन दारात आले. किती वेळ उभे होते कोणास ठाऊक, दार लागत नाहीच. सरांना पाहून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी हजेरीपत्रक टेबलावर ठेवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, सरांना नुसता नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. त्यांच्या आवाजाशिवाय ती खोली मी पहिल्यांदाच ऐकली.

सर दाराकडे पाहत राहिले. "याच्या मनातून अजून गेलं नाई वाटते माह्यावरचं."

मी सेवापुस्तिका पुढे ओढली, त्यांनी दाखवलेल्या जागी सही केली, शिक्का मारला.

"नसेल गेलं," मी म्हटलं.